मातीखालची जहाजे आणि कायदा

बुडालेले जहाज समुद्रतळाशीच असावयाचे, असा आपला सामान्य समज असतो. परंतु नदीनाल्यांच्या गाळाने बंदरे बुजतात, किनारा पुढे सरकतो आणि जहाजे जमिनीच्या पोटात जातात. इस्तंबूलचे थिओडोसियसचे बंदर असेच भरून गेले. त्यावर पुढे भाजीचे मळे व वस्ती झाली.

२००४ साली तेथे, येनीकापी येथे, सरकारी भुयारी रेल्वेच्या कामानिमित्त उत्खनन सुरू झाले आणि पाचव्या ते अकराव्या शतकांतील ३७ जहाजांचे अवशेष हाती आले. त्यांची नोंद होईपर्यंत काम थांबले. रेल्वे सुरू व्हावयास २०१३ साल उजाडले. विलंबाबद्दल कुरकुर झाली. पण आधी फळ्या जोडण्याची जुनी रीत मागे पडून आधी सांगाडा उभारण्याची रीत कशी रूढ होत गेली, हे त्या लाकडांनीच सांगितले.

आपल्याकडे १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती किमान १०० मीटर बांधकाम निषिद्ध ठरविले. पण जे सापडलेलेच नाही, त्याला संरक्षित कोण ठरविणार? केरळात कडक्करप्पळ्ळी येथे जमिनीतूनच जुने जहाज निघाले. तेव्हा हा प्रश्न परका नव्हे.

देवालय बांधण्यापूर्वी भूपरीक्षा करावी, असे आपले वास्तुशास्त्र सांगते. जुन्या बंदरांच्या भूमीवर बांधणाऱ्या सरकारलाही कायद्याने हाच नियम लावावा: आधी परीक्षा, मग पाया.