चाकांच्या गावात विमानाचे मिस्त्री



पनवेल म्हटले की आज रेल्वे जंक्शन डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या पूर्वजांचे पनवेल हे बंदर होते आणि बैलगाडीच्या चाकांचे गाव होते. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा माल नावेने आपल्या खाडीत यायचा आणि येथून गाड्यांवर लादून घाटावर जायचा. गाड्यांना चाके लागत; ती बनविण्याचा धंदा येथे इतका वाढला की इंग्रज सरकारच्या गॅझेटिअरनेही त्याची दखल घेतली. पुढे १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि मालाने दुसरी वाट धरली.

हा जुना इतिहास सांगण्याचे कारण असे की, २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्याच तालुक्यातून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. या विमानतळासाठी दहा गावांना घरेदारे सोडावी लागली, हेही विसरता येत नाही. एवढी किंमत मोजून आलेल्या विमानतळावर आपल्या मुलांनी केवळ सामान उचलावे काय?

विमानविद्येचा आरंभ कारागिरांनीच केला आहे. राइट बंधू सायकलींचे दुकानदार होते. १९०३ च्या त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या मिस्त्रीने सुमारे सहा आठवड्यांत बनवून दिले. जग राइट बंधूंना ओळखते, टेलरला फारसे कोणी ओळखत नाही. मिस्त्रीच्या नशिबी बहुधा हेच येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्या कंपनीजवळ सुरुवातीला दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की सारा पसारा पुण्याला हलवावा लागे. जितके वैमानिक तितकेच मेकॅनिक, हा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपल्या कोकणी मुसलमानांत यंत्राची ओळख नवी नाही. जहाजांवर सारंग, तांडेल, इंजिनखात्यातील कामगार म्हणून आपली माणसे दर्यापार गेली. हात तयार होते. कमी पडली ती पुस्तकी तालीम. विमानाच्या कामात मात्र नुसत्या हाताच्या अंदाजावर भागत नाही. १० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये एका प्रवासी विमानाची समोरची काच हवेत उडाली व कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि दुसऱ्या वैमानिकाने विमान उतरवले. सुदैवाने कप्तान वाचला. चौकशीत आढळले की त्यापूर्वी काच बसविताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक लावले गेले होते. अनुभवी माणसाने जुना बोल्ट पाहून नजरेने नवे जुळवले. पुस्तकातील क्रमांक पाहिला नाही. जुना बोल्टच चुकीचा होता!

म्हणून या धंद्यात इंग्रजी मॅन्युअल वाचता आले पाहिजे. उर्दू किंवा मराठी माध्यमातील मुलाने घाबरू नये, परंतु आठवीपासूनच इंग्रजी व गणिताकडे लक्ष द्यावे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्य केलेल्या संस्थेत शिक्षण, त्या खात्याच्या परीक्षा आणि विमानावर प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असा रस्ता आहे. यंत्रभागासाठी बी-१ आणि वीज व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी बी-२ असे परवाने असतात. मुलींनाही ही वाट खुली आहे.

येथे पालकांनी एक भेद नीट समजून घ्यावा. संस्थेचे प्रमाणपत्र निराळे आणि सरकारी परवाना निराळा. विमान उडण्यास योग्य आहे अशी सही परवानाधारक करतो. परवाना नसलेला तंत्रज्ञ त्याच्या देखरेखीखाली काम करतो, पगारातही फरक पडतो. नोकरी कायमची असेलच असे नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा हजारोंची रोजी गेली. पण परवाना कंपनीचा नसून माणसाचा असतो, तो घेऊन दुसरे दार ठोठावता येते.

शिक्षणाचा खर्च लाखांत जातो. काही घरी त्यासाठी दागिने मोडतात. तेव्हा संस्थेला डीजीसीएचे मान्यतापत्र दाखवा म्हणावे, ते कोणत्या शाखेसाठी आहे व मुदत कधी संपते हे स्वतः वाचावे, आणि मगच फीचा पहिला हप्ता भरावा.