रेंजफाइंडर कॅमेरा, अंकीय

रेंजफाइंडर कॅमेरा, अंकीय : छायाचित्र घेणाऱ्या भिंगातून न पाहता स्वतंत्र दृश्यदर्शकातून पाहून, त्याला जोडलेल्या यांत्रिक अंतरमापकाने केंद्रीकरण करण्याचा आणि फिल्मऐवजी अर्धसंवाहक संवेदकावर प्रतिमा टिपणारा कॅमेरा. भिंगे बदलता येण्याजोगा या प्रकारचा पहिला कॅमेरा २००४ मध्ये विक्रीस आला. त्या वर्षापासून २००९ पर्यंत निघालेले एप्सन आर-डी१, लायका एम८ व लायका एम९ हे तीन प्रमुख नमुने आजही जुन्या मालाच्या बाजारात घेतले जातात व वापरले जातात. दुरुस्त करून पिढ्यान्‌पिढ्या वापरता येणारे यंत्र आणि ज्याचा सुटा भाग काही वर्षांतच दुर्मिळ होतो असा इलेक्ट्रॉनिक संवेदक यांचा संयोग या कॅमेऱ्यांत झाला असून त्यांचे गुणदोष मुख्यतः या संयोगातून उद्भवले आहेत.

रचना व कार्य : अंतरमापकाचे तत्त्व त्रिकोणमितीवर आधारलेले आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून दिसणारे दृश्य सरळ डोळ्यापर्यंत येते. दुसरीतून येणारी प्रतिमा वळवून पहिल्या दृश्याच्या मध्यभागी टाकलेली असते. भिंगाचे कडे फिरविले म्हणजे भिंगाच्या मागील भागाला टेकलेली तरफ हलते व दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या की त्या अंतरावर केंद्रीकरण झाले असे समजते. दोन खिडक्यांमधील अंतरास दृश्यदर्शकाच्या विवर्धनाने गुणले असता येणारी लांबी जितकी अधिक तितकी मापनाची अचूकता अधिक असते. ही लांबी आर-डी१ मध्ये सु. ३८ मिमी., तर एम८ व एम९ मध्ये सु. ४७ मिमी. आहे. दृश्यदर्शक व भिंग यांच्या जागा भिन्न असल्याने जवळच्या वस्तूंच्या बाबतीत दोहोंच्या दृश्यांत फरक पडतो. तो कमी करण्यासाठी दृश्यदर्शकातील चौकटीच्या प्रकाशरेषा केंद्रीकरणाबरोबर सरकतात. आर-डी१ व लायका या दोहोंतही अशी सोय आहे.

पूर्वेतिहास : भिंगाला जोडलेला अंतरमापक असलेला कॅमेरा अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १९१६ मध्ये बाजारात आणला. जर्मनीतील वेट्स्लार येथील लाइट्स कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी तयार केलेला ३५ मिमी. फिल्मचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत मांडण्यात आला. त्याला अंतरमापकाची जोड १९३२ मध्ये मिळाली व त्याच वर्षी झाइस इकॉन कंपनीचा काँटॅक्स हा प्रतिस्पर्धी कॅमेराही निघाला. लायका एम३ (१९५४) या नमुन्यात दृश्यदर्शक व अंतरमापक एकत्र आणले गेले आणि आट्यांऐवजी थोडे फिरवून भिंग अडकविण्याची ‘एम’ बैठक आली. लहान आकार व झडपेचा मंद आवाज यांमुळे वृत्तछायाचित्रकारांनी हे कॅमेरे पसंत केले. महात्मा गांधींच्या १९४८ मधील अंत्ययात्रेची छायाचित्रे आंरी कार्त्ये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने लायकानेच घेतली होती. भिंगातूनच दृश्य दाखविणारा, आरसा असलेला निकॉन एफ हा कॅमेरा १९५९ मध्ये आला व त्यानंतर व्यावसायिक क्षेत्रात अंतरमापक कॅमेऱ्यांची पीछेहाट झाली. तथापि एम बैठकीची भिंगे निर्माण होतच राहिली.

अंकीय रूपांतर : एम बैठकीपासून फिल्मच्या प्रतलापर्यंतचे अंतर अवघे २७·८ मिमी. आहे. मध्ये आरसा नसल्याने रुंद कोनाच्या भिंगांचा मागील भाग फिल्मच्या अगदी जवळ येतो व प्रकाशकिरण चौकटीच्या कडांवर फार तिरपे पडतात. फिल्मला याचा विशेष त्रास होत नाही. संवेदकाच्या कडा मात्र काळवंडतात व तेथे रंगांत फरक पडतो. आरसायुक्त कॅमेऱ्यांचे अंकीय रूप रुळल्यानंतरही हा प्रकार मागे राहिला त्याचे हे प्रमुख कारण होय.

जपानमधील एप्सन कंपनीने कोसिना कंपनीच्या साहाय्याने तयार केलेल्या आर-डी१ (२००४) मध्ये ६१ लक्ष पिक्सेलांचा, २३·७ × १५·६ मिमी. आकाराचा संवेदक होता. संवेदक लहान असल्याने कडांचे तिरपे किरण त्याच्या बाहेरच पडत. मात्र ३५ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाचे दृश्यक्षेत्र ५३ मिमी. भिंगाइतके अरुंद होई. प्रत्येक छायाचित्रापूर्वी तरफ ओढून झडप ताणावी लागते. शिल्लक छायाचित्रे व विद्युत् घटाची स्थिती घड्याळासारख्या काट्यांनी दर्शविली जाते.

लायका एम८ (२००६) मध्ये कोडॅकचा १·०३ कोटी पिक्सेलांचा, २७ × १८ मिमी. संवेदक वापरण्यात आला. तिरपे किरण गोळा करण्यासाठी त्यावरील सूक्ष्मभिंगे कडांकडे क्रमशः सरकविलेली होती व संवेदकावरील काच केवळ ०·५ मिमी. जाडीची ठेवली होती. एवढी पातळ काच अवरक्त किरण पुरेसे अडवू शकत नसे. त्यामुळे काळे कृत्रिम धाग्याचे कापड जांभळट दिसे. कंपनीने ग्राहकांना भिंगावर बसविण्याचे दोन गालक विनामूल्य दिले. लायका एम९ (२००९) मध्ये ३६ × २४ मिमी. हा फिल्मच्या चौकटीएवढा, १·८ कोटी पिक्सेलांचा संवेदक आला. त्यावरील ०·८ मिमी. काच अवरक्त किरण अधिक शोषत असल्याने गालकांची गरज उरली नाही.

संवेदकाचे क्षरण : एम८ चा दोष दूर करणारी ही काच पुढे एम९ चा दोष ठरली. हवेतील आर्द्रतेने तिचा पृष्ठभाग क्षरण पावतो व छायाचित्रांत फिकट वलय असलेले ठिपके उमटतात. एम९ व्यतिरिक्त त्याच जातीचा संवेदक असलेल्या कृष्णधवल ‘मोनोक्रोम’ (२०१२) या नमुन्यातही हा दोष आढळला. कंपनीने प्रथम जुन्याच प्रकारचे व नंतर सुधारित काचेचे संवेदक बदलून दिले. २०१७ मध्ये विनामूल्य बदलाची सवलत थांबली. कोडॅकने आपला संवेदक विभाग २०११ मध्येच विकला होता आणि २०१२ मध्ये जाहीर झालेल्या पुढील एम नमुन्यात लायकाने वेगळ्या, सीमॉस पद्धतीच्या संवेदकाचा स्वीकार केला. परिणामी जुन्या संवेदकांचा पुरवठा आटला. काही स्वतंत्र दुरुस्ती कार्यशाळा केवळ काच बदलून देतात.

खरेदी व वापर : आज असा कॅमेरा घेताना बाह्य स्वरूपापेक्षा संवेदकाची परीक्षा महत्त्वाची ठरते. भिंगाचे छिद्र एफ/१६ इतके लहान करून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे व ते संगणकावर पूर्ण आकारात तपासावे. धुळीचे ठिपके साफ करता येतात. क्षरणाचे जात नाहीत. एम९ चा संवेदक सुधारित काचेचा आहे की नाही हे दुरुस्तीच्या कागदपत्रांवरून पाहावे. एम८ ला हा विशिष्ट दोष नसला, तरी त्याच्या मागील पडद्यावर तपकिरी डाग पडतात. अंतरमापकाची चाचणी दूरच्या मनोऱ्यावर, तसेच भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून जवळच्या तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवर घ्यावी. त्यात आढळणारी चूक कुशल कारागीर दुरुस्त करू शकतो, म्हणून ती गंभीर मानण्याचे कारण नाही. जुने विद्युत् घट लवकर उतरतात. आर-डी१ च्या पहिल्या नमुन्यास २ गिगाबाइटपर्यंतची जुनी स्मृतिपत्रेच चालतात; ती मिळतात की नाही हे आधी पाहावे.

हे संवेदक भरपूर उजेडात उत्तम काम देतात. २५०० या कमाल संवेदनक्षमतेवर एम८ व एम९ च्या प्रतिमेत कणीदारपणा स्पष्ट दिसतो. लायकाची भिंगे सामान्यतः ०·७ मी. पेक्षा जवळ केंद्रित होत नाहीत. एम८ ची अवरक्त संवेदनक्षमता कृष्णधवल व अवरक्त छायाचित्रणात उपयोगी पडते. एम८ व एम९ च्या मूळ प्रतिमा डीएनजी या खुल्या स्वरूपात साठत असल्याने त्या आजच्या संगणकांवरही उघडतात. कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशांत कॅमेरा व भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवणे श्रेयस्कर असते; कारण आर्द्रतेमुळे भिंगांवर बुरशी चढते व एम९ च्या मूळ काचेचे क्षरण होते.

एप्सनने हे उत्पादन केव्हाच बंद केले आहे. लायकाने एम११ (२०२२) या नमुन्यापर्यंत यांत्रिक अंतरमापकाची परंपरा चालू ठेवली आहे व फ्रान्समधील पिक्सी ही कंपनीही असे कॅमेरे बनविते. एम३ साठी १९५४ मध्ये घडविलेले भिंग या नव्या कॅमेऱ्यांवर तसेच २००९ च्या एम९ वरही बसते व काम देते. एम९ स्वतः मात्र त्याचा संवेदक टिकेल तोवरच वापरता येतो. म्हणून अशा खरेदीत भिंगावर केलेला खर्च दीर्घकाळचा व कॅमेऱ्यावरील खर्च मर्यादित काळाचा समजणे योग्य ठरते.