कानात शिट्टी, डोक्यात गरगर: हे खरंच मोबाइलच्या रेडिएशनमुळे होतं का?

मी सांगलीत विश्रामबागला रूम करून राहत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो आणि अख्खी खोली गरगर फिरायला लागली. कानात बारीक शिट्टी तर आठवडाभर आधीपासूनच वाजत होती. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाइल टॉवर. रूममेट म्हणाला, "अरे, टॉवरचंच आहे हे." घरमालकीण काकूंचंही तेच मत. मग मी काय केलं, तर १९९ रुपयांचं 'अँटी-रेडिएशन' स्टिकर मागवून फोनच्या पाठीवर चिकटवलं आणि पंधरा दिवस वाट बघत बसलो. ही चूक तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

आधी रेडिएशन म्हणजे काय ते बघू. फोन रेडिओ लहरी सोडतो. एक्स-रेसारखी पेशींमधले रेणू तोडण्याची ताकद या लहरींत नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, जवळचा भाग किंचित गरम होणं. किती ऊर्जा शरीरात शोषली जाते ते एसएआर या आकड्यात मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. तुमच्या फोनचा आकडा *#०७# डायल केलं की दिसतो. टॉवरसाठी आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते.

गंमत अशी, की टॉवर लांब असला आणि रेंज कमी असली की तुमचाच फोन जास्त जोर लावतो. लिफ्टमध्ये एकच कांडी दिसत असताना कानाला फोन लावून बोलणं म्हणजे जास्त रेडिएशन. आणि ते स्टिकर? त्यानं खरंच लहरी अडवल्या, तर फोन आणखी जोर लावेल. नाही अडवल्या, तर १९९ रुपये गेले!

आता कानाचं. भीती अगदीच हवेतली नव्हती. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवर रेडिएशनवर अहवाल दिला, त्यात कानाच्या त्रासाचाही इशारा होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. त्यामागे जे मोजके पुरावे होते, त्यात अकूस्टिक न्यूरोमा ही गाठ होती. ही गाठ ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवरच होते, म्हणून आपल्या विषयात ती महत्त्वाची. ब्रिटनमधल्या लाखो महिलांच्या अभ्यासात २०१३ ला दीर्घ वापर करणाऱ्यांमध्ये ही गाठ जास्त दिसली, पण पुढची माहिती जोडल्यावर तो फरक उरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं करून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यातही मोबाइल वापरानं या गाठीचा धोका वाढत नसावा असंच निघालं. युरोपात 'गार्ड' नावाच्या प्रकल्पात लोकांच्या कानाला जीएसएम फोनच्या लहरी पूर्ण ताकदीनं देऊन आधी आणि नंतर ऐकणं तपासलं. मोजता येईल असा फरक सापडला नाही.

मग मला झालं काय होतं? शेवटी मिरजेत एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला मान वळवून पटकन आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं थरथरत होती. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शेजारी कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते सुटून नळीत गेले की कूस बदलताना चक्कर येते. "डोक्याला मार लागला होता का?" महिनाभरापूर्वी शंभरफुटी रोडवर बाइक घसरली होती. टॉवरचा संबंधच नाही! त्यांनी डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून ते कण जागेवर नेले. दहा मिनिटांचं काम, औषधही नाही.

शिट्टीची गोष्ट मात्र वेगळी निघाली, आणि तिथं दोष फोनचाच. ऐकण्याच्या तपासणीत माझा आलेख ४००० हर्ट्झजवळ खाली घसरलेला होता. मोठ्या आवाजानं कान खराब होतात तेव्हा अशीच खाच पडते. मी रोज रात्री फुल व्हॉल्यूमवर इअरबड लावून झोपायचो. गणपतीत डीजेसमोर नाचलो ते वेगळंच. एका कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी माणसात परत येत नाही. ब्लूटूथच्या लहरींची भीती घालणारे बरेच भेटतात, पण त्या फोनच्या मानानं फारच कमकुवत असतात. इअरबडमधला धोका आवाजाचा आहे.

हिशोब असा आहे बघा. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८९ ला ५ तास, आणि १०१ ला आठवड्याला जेमतेम १९ मिनिटं! बरेच इअरफोन फुल व्हॉल्यूमवर १०० च्या वर जातात. सेटिंगमध्ये व्हॉल्यूम लिमिट असतं, ते लावून टाका. गोंगाटात आवाज वाढवण्याऐवजी नॉइज कॅन्सलेशन वापरा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर ते रेडिएशन आहे की मळ, याचा विचार करत घरी थांबू नका. कानाच्या नसेवर असा अचानक आघात होतो, तेव्हा स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. दोन आठवडे उलटले की ती घटत जाते. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. चक्करेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळे पडले, तर थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

माझी चक्कर गेली. शिट्टी अजून आहे, रात्री सगळं शांत झालं की ऐकू येते.