बाहेर वाट नसलेलं पाणी

जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, एक फोटो बहुतेक तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, आणि त्याचं पाणी चक्क गुलाबी. त्या वर्षी अपशकुनांना तोटा नव्हताच, त्यात ही आणखी एक भर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, पाण्याचे नमुने प्रयोगशाळांमध्ये पोचले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं उलगडा केला तो असा: पाऊस कमी झाला होता, ऊन कडक होतं, पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि ‘हॅलोआर्किया’ नावाचे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव बेसुमार वाढले होते. गुलाबी रंग त्यांचा. बाटलीतला नमुना न हलवता ठेवला की जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ दिसे.

रंगाचं कोडं सुटलं. मला मात्र त्याआधीचा एक प्रश्न छळत राहिला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, काळ्या कातळाच्या पठारावर, हे खारं पाणी आलंच कुठून?

या प्रश्नाला माणसांनी वेगवेगळ्या काळात दिलेली उत्तरं एकापुढे एक मांडली, तर लोणारचा इतिहासच तयार होतो.

पहिलं उत्तर कथेचं. लवणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीखाली दडून होता. विष्णूनं त्याला मारलं. तळ्यातलं पाणी हे त्याचं रक्त आणि मीठ हे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर याच कथेचं. दैत्याच्या नावातच ‘लवण’ आहे हे विसरू नका. म्हणजे कथा रचणाऱ्याला या पाण्याचा मुख्य गुण पक्का ठाऊक होता.

दुसरं उत्तर हिशेबाचं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची दखल घेतली. ब्राह्मण याला विष्णुगया मानतात, उंच टेकड्यांच्या वेढ्यात मोठं तळं आहे, पाणी खारं आहे, हे त्यानं लिहिलं. लगेच पुढे मुद्द्याची गोष्ट: काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथं मिळतो आणि महसूलही चांगला येतो. डोंगरावरच्या, बैलाचं तोंड कोरलेल्या एका झऱ्याचाही त्यानं उल्लेख केला आहे. आज काठावरच्या ज्या गोड्या धारेला लोक गोमुख म्हणतात, तीच ही असावी. काठावर गोडं, तळात खारं, हा विरोधाभास चारशे वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता.

काच आणि साबण या दोन्हींना लागतो सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तुमच्या घरातल्या धुण्याच्या सोड्यात तोच असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की लोणारच्या काठावर त्याचे थर उरायचे. लोक ते गोळा करायचे आणि प्रतीनुसार त्यांना नावं द्यायचे: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ही नावं जुन्या सरकारी नोंदींमध्ये वाचली तेव्हा मला फार गंमत वाटली. रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तकं मराठीत येण्याच्या कितीतरी आधी, उन्हातान्हात खार गोळा करणाऱ्यांनी क्षारांचं आपलं वर्गीकरण करून ठेवलं होतं. पुढे युरोपात कारखान्यात सोडा बनवण्याच्या रीती निघाल्या. आधी १७९१ ची लब्लांची, मग १८६० च्या दशकातली सॉल्वेची. सोडा जगभर स्वस्त झाला आणि नैसर्गिक खाराची बाजारातली पत उतरत गेली.

तिसरं उत्तर दगडाचं. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ बहुतेकांचा समज असा की हा ज्वालामुखीचा प्रताप. समज चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता; दख्खनच्या पठाराचा हा सगळा भागच लाव्हाचा बनलेला आहे. १९७३ मध्ये मात्र ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं पुरावा दिला. इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. एखाद्या खनिजाला प्रचंड आघात बसला की ते काचेसारखं होतं, तेच हे. एवढा दाब ज्वालामुखीच्या आटोक्यातला नाही. म्हणजे आकाशातून काहीतरी आदळलं होतं. कधी, यावर एकमत नाही. एका मोजणीनुसार सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी.

पण उल्केनं फक्त भांडं दिलं: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काठापासून दीडेकशे मीटर खोल. खार उल्केबरोबर आला नाही. तो पाण्यानं तयार केला.

ते असं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्ल होतं. हे आम्ल इतकं सौम्य असतं की आपण ते रोज पितो. पण त्याच्या हाताशी वेळ भरपूर आहे. ते बेसाल्ट हळूहळू झिजवतं आणि त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन उतारानं तळ्यात येतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंचसं साक्यासारखं तळाशी बसतं. सोडियम आणि कार्बोनेट पाण्यातच राहतात. इतरत्र हेच पाणी ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्राला मिळालं असतं. लोणारच्या वाडग्यातून मात्र एकही ओढा बाहेर जात नाही. पाण्याला एकच मोठी वाट मोकळी आहे, वाफेची. आणि वाफ सामान घेऊन जात नाही.

हजारो उन्हाळे हेच चाललं आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. म्हणून या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. सामूचं प्रत्येक पाऊल दहापटींचं असतं, त्यामुळे शुद्ध पाण्याच्या ७ पेक्षा १० म्हणजे हजारपट अल्कधर्मी. अशा पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही करामत. आपल्याला न पिता येणाऱ्या या पाण्यात हिरव्या-निळ्या शैवालांचा आणि खार मानवणाऱ्या जिवाणूंचा मोठा संसार आहे. त्यांना हेच पाणी हवं असतं.

इथं मला हा इतिहास आजच्या दिवसाशी भिडतो. नदीत घाण सोडताना आपण मनाशी म्हणतो, जाईल वाहून. ते खोटंच असतं, पण निदान डोळ्यांआड होतं. लोणारमध्ये तेवढीही सोय नाही. बेसाल्टमधलं सोडियम जसं साठलं, तसंच काठावरच्या गावाचं सांडपाणी, साबण, शेतातली खतं यांतलंही बरंच काही साठत राहणार. शिवाय बाहेरून जास्तीचं गोडं पाणी आलं, तर युगानुयुगं जमलेला खार पातळ होणार. ‘पाणी वाढलं, बरं झालं’ असं म्हणायची आपल्याला दुष्काळानं सवय लावली आहे. या एका तळ्यापाशी ती सवय बाजूला ठेवावी लागते.

कागदावर संरक्षण आहे. २००० साली इथं अभयारण्य झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये, गुलाबी फोटोनंतर काही महिन्यांतच, लोणार रामसर यादीत आलं आणि महाराष्ट्रातलं त्या यादीतलं दुसरं स्थळ ठरलं. सांडपाण्याचा प्रश्न मात्र त्याच्याही आधीपासून न्यायालयाच्या तारखांवर आहे.

पाऊस आला आणि गुलाबी रंग विरून गेला. सांडपाण्याच्या नाल्याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही. तो दिसायला चांगला नसतो आणि त्यात नवल काहीच नसतं. पण लवणासुराच्या कथेपासून आघारकरच्या अहवालापर्यंत या तळ्याबद्दल आपण जे काही शिकलो, त्याचं सार एवढंच निघतं: इथं जे उतरतं ते इथंच राहतं. म्हणून लोणारची पुढची बातमी तुमच्या फोनवर येईल, तेव्हा पाण्याच्या रंगाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. या वर्षी त्यात काय काय उतरलं?