संगणकीय फंक्शनच्या परतमूल्याचे पूर्वानुमान : स्थिर विश्लेषणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकाचा प्रोग्रॅम हा सामान्यतः अनेक लहान फंक्शनांचा समूह असतो. फंक्शन काही मूल्ये स्वीकारते आणि काम संपल्यावर एक मूल्य परत करते. हे परतमूल्य प्रोग्रॅम चालवून पाहिल्यास कळते. परंतु चालवून पाहिलेली उदाहरणे मोजकी असतात, तर संभाव्य उदाहरणे अगणित असतात. म्हणून प्रोग्रॅम न चालविता, केवळ त्याच्या मजकुरावरून परतमूल्य सांगता येईल काय, हा प्रश्न निर्माण झाला. या अभ्यासपद्धतीस स्थिर विश्लेषण म्हणतात. अचूक उत्तराचा आग्रह सोडल्यानंतरच खात्रीचे उत्तर मिळू लागले, हे या पद्धतीच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. प्रस्तुत लेखात त्याच सूत्राच्या आधारे तिच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

अशक्यतेची सिद्धता :

शास्त्राच्या मर्यादा बहुधा त्याच्या प्रगतीनंतर ध्यानात येतात. येथे मात्र क्रम उलटा आहे. आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, १९३६ मध्ये, अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एक मूलभूत मर्यादा सिद्ध केली. एखादे यंत्र विशिष्ट चिन्ह कधीतरी छापील की नाही, हे प्रत्येक यंत्राबाबत ठरविणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, असे त्यांनी दाखविले. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी ही मर्यादा अधिक व्यापक केली. जो प्रश्न काही प्रोग्रॅमांच्या फलिताबाबत खरा आणि काहींबाबत खोटा ठरतो, असा कोणताही प्रश्न सर्व प्रोग्रॅमांसाठी यांत्रिकपणे सोडविता येत नाही. अर्थात, ‘हे फंक्शन नेमके काय परत करील?’ या प्रश्नाचे सार्वत्रिक उत्तर तत्त्वतःच अशक्य ठरले.

मूल्याऐवजी प्रकार :

तरीही कंपायलर रचणाऱ्यांना काम पुढे न्यावयाचे होते. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९६५ मध्ये अल्गोल भाषेच्या कंपायलरसंबंधी एक साधी युक्ती मांडली. प्रोग्रॅम जणू चालवावयाचा, परंतु प्रत्यक्ष संख्यांच्या जागी ‘पूर्णांक’, ‘अपूर्णांक’ असे केवळ प्रकार ठेवावयाचे. मूल्य कळले नाही तरी त्याची जात कळते. हाच विचार रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये एमएल भाषेच्या संदर्भात सिद्धांताच्या पातळीवर नेला. त्यांच्या रीतीनुसार, प्रोग्रॅमकाराने काहीही लिहून दिले नसले तरी फंक्शन कोणत्या प्रकारचे मूल्य परत करील, हे कंपायलर स्वतः काढू शकतो. तत्पूर्वी १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी प्रोग्रॅमच्या प्रत्येक टप्प्यावर कोणती माहिती निश्चित आहे, हे मोजण्याची एकसूत्री पद्धत दिली होती. सी भाषेसाठी स्टीफन जॉन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत ‘लिंट’ हे साधन तयार केले. एखादे फंक्शन एका वाटेने मूल्य परत करते आणि दुसऱ्या वाटेने रिकाम्या हाती परतते, अशी विसंगती ते निदर्शनास आणून देई.

अमूर्त निर्वचन :

या विखुरलेल्या युक्त्यांना १९७७ मध्ये पॅट्रिक व राधिया कूझो यांनी ‘अमूर्त निर्वचन’ या सिद्धांताद्वारे एकत्र बांधले. त्याचा गाभा शालेय गणितातील चिन्हांच्या नियमासारखा आहे : दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो, हे सांगण्यासाठी त्या संख्या माहीत असण्याची गरज नाही. समजा, एखादे फंक्शन उणे ३ ते ३ यांतील संख्या घेऊन तिचा वर्ग परत करते. गुणाकारातील दोन्ही घटक एकच आहेत, हे लक्षात न घेणारे साधे विश्लेषण परतमूल्य उणे ९ ते ९ यांच्या दरम्यान असल्याचे सांगील. वास्तविक ते ० ते ९ यांतच असते. उत्तर सैल आहे, पण खोटे नाही. प्रत्यक्ष मूल्य त्या मर्यादेबाहेर जाणार नाही, ही हमी त्यात आहे. या सैलपणाची किंमत म्हणजे अधूनमधून मिळणारी धोक्याची अनाठायी सूचना. १९८१ मध्ये मिखा शारीर व अमीर प्नुएली यांनी एका फंक्शनचे फलित सारांशरूपाने काढून, ते दुसऱ्या फंक्शनच्या विश्लेषणात वापरण्याची रीत मांडली.

एरियान-५ चा धडा :

या प्रश्नाचे व्यावहारिक गांभीर्य ४ जून १९९६ रोजी स्पष्ट झाले. एरियान-५ हे युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आसपास, चार क्लस्टर उपग्रहांसह नष्ट झाले. एका ६४ बिटांच्या अपूर्णांकाचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना मूल्य मर्यादेबाहेर गेले होते. मूल्य मर्यादेतच राहील, असे अनुमान पूर्वी करण्यात आले होते व त्यामुळे त्या रूपांतरास संरक्षण दिले गेले नव्हते. परंतु ते अनुमान एरियान-४ च्या उड्डाणमार्गावर आधारलेले होते. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग त्याहून अधिक होता. पूर्वानुमान झालेच नव्हते असे नाही. त्यामागील गृहीत प्रोग्रॅममध्ये कोठेही नोंदलेले नव्हते आणि म्हणून तपासलेही गेले नाही.

यानंतर स्थिर विश्लेषणाचा औद्योगिक वापर वाढला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत विकसित झालेल्या ‘आस्त्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या प्राथमिक उड्डाण-नियंत्रणाच्या सुमारे १,३२,००० ओळींच्या सी प्रोग्रॅममध्ये चालताना उद्भवणाऱ्या चुका नसल्याचे सिद्ध केले. भारतातही या विषयाची परंपरा आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा डेटा फ्लो विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, ट्युरिंग व राइस यांनी बंद केलेले दार पुढील संशोधकांनी उघडले नाही. त्यांनी प्रश्नच बदलला. ‘नेमके काय परत येईल?’ याऐवजी ‘काय परत येणे शक्यच नाही?’ असे विचारल्यावर उत्तर हाती आले. अलीकडे यंत्र-अध्ययनावर आधारित प्रारूपेही परतमूल्याचा प्रकार सुचवितात. ती सूचना बहुधा योग्य असते. पण ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांतील अंतर एरियान-५ च्या अपघाताने दाखवून दिले आहे. म्हणूनच, प्रत्येक पूर्वानुमानाबरोबर त्याचे गृहीतही उघडपणे मांडले जाणे, हा या इतिहासाचा चिरस्थायी बोध होय.