अस्तु (चित्रपट)

अल्झायमर झालेल्या वडिलांची देखभाल आणि त्यातून उघडी पडणारी घरातली नाती यांवरील मराठी चित्रपट. निर्मिती २०१३, चित्रपटगृहांत प्रदर्शन २०१६. दिग्दर्शन सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर. लेखन भावे यांचे.

चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे मोठे अभ्यासक. आयुष्यभराची विद्वत्ता आजाराने विस्कटली आहे. लेकीची ओळखही कधी पटते, कधी नाही. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खरेदीला जाते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि शास्त्रीबुवा लहान मुलासारखे त्याच्यामागे निघतात. इकडे इरा आणि तिचा नवरा माधव (मिलिंद सोमण) यांची शोधाशोध सुरू होते. मधूनमधून भूतकाळातले प्रसंग येतात. वडिलांविषयीचा आदर, दुखावलेपण, बहीण राहीशी (देविका दफ्तरदार) असलेली तेढ आणि देखभालीचा शीण त्यांतून कळत जातो.

तिकडे शास्त्री हत्तीवाल्याच्या बिऱ्हाडी पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) कानडी बोलणारी, हातावर पोट असलेली. हा माणूस कोण, किती शिकलेला, याची तिला काही माहिती नाही. ती त्याला खाऊ घालते, सांभाळते. आणि तोही तिच्यात आई शोधतो. इराला हेच जड जाते, कारण समोरच्या म्हाताऱ्यात तिला पूर्वीचे वडील दिसत राहतात. चन्नम्माजवळ तुलनेला काही नाही, म्हणून तिची माया सोपी आहे. अर्थात ती एका दिवसापुरतीची आहे आणि इराची वर्षानुवर्षांची, हेही विसरता येत नाही. चन्नम्माच्या वाट्याला लेखिकेने जरा जास्तच चांगुलपणा दिला आहे. सोसण्याचा खरा हिशेब इराच्याच प्रसंगांत आहे.

आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. रुग्णाची लक्षणे दाखवण्याचा मोह ते टाळतात. गोंधळ, हट्ट आणि क्षणभर परतणारे भान एकाच चेहऱ्यावर उमटते. भावे पूर्वी पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत. ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया आणि ‘नितळ’मध्ये कोड हे विषय भावे-सुकथनकर जोडीने आधीच हाताळले होते.

६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संवादांसाठी भावे यांना, तर साहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना (विभागून) गौरवण्यात आले. तरीही चित्रपट पडद्यावर यायला पुढे दोनेक वर्षे लागली.