डर्वेंट नदीचा खटला

गळ टाकून मासे धरणें हा इंग्लंडमध्यें केवळ श्रीमंतांचा षोक नव्हे. सामन व ट्राउट या उंची माशांचे प्रवाह बहुधा जमीनदारांच्या हातीं असत. परंतु गिरणींतील मजूर, खाणकामगार, कारकून असे असंख्य लोकहि सुट्टीच्या दिवशीं काठी आणि आमिषाचा डबा घेऊन नदीचा कांठ गांठीत. त्यांनीं गांवोगांव मंडळें स्थापिलीं, वर्गणी जमविली आणि नदीच्या लहानमोठ्या पट्ट्यांवर मासेमारीचे हक्क मिळविले. आयझाक वॉल्टन याचा या विद्येवरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला, तेव्हांपासून हा छंद शांत वृत्तीच्या माणसांचा समजला जातो. विसाव्या शतकांत बड्या कारखानदारांस व नगरसंस्थांस न्यायासनापुढें उभें केलें, तें याच शांत माणसांनीं.

डर्बी शहरावरून वाहत जाऊन ट्रेंटला मिळणारी डर्वेंट नदी ही यंत्रयुगाच्या उदयाची साक्षीदार आहे. डर्बी येथील रेशमाची गिरणी १७२१ च्या सुमारास या नदीच्या बळावर चालूं लागली. रिचर्ड आर्कराइट यानें १७७१ सालीं आपली सुताची गिरणी याच खोऱ्यांत उभारली. त्या काळीं कारखान्यास नदीची शक्ति हवी होती. पुढें वाफेचें यंत्र आलें, आणि शक्तीसाठीं नदीची गरज संपली. मग तिच्याकडे घाण वाहून नेण्याचें काम आलें. विसाव्या शतकाच्या मध्यास डर्बीजवळ तीन प्रकारचें पाणी नदींत येऊन पडत होतें : ब्रिटिश सेलानीज कंपनीच्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्याचें ऊन व दूषित पाणी, डर्बी कॉर्पोरेशनचें अर्धवट शुद्ध केलेलें मैलापाणी, आणि राष्ट्रीय वीजमंडळाच्या केंद्रांतून येणारें ऊन पाणी.

ऊन पाण्यानें काय बिघडतें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. एक लिटर गोड्या पाण्यांत १० अंश सेंटिग्रेडला सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळून राहूं शकतो. २५ अंशांस तो सुमारें ८ मिलिग्रॅमवर येतो. उलट, ऊब वाढली कीं माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यांतच मैला कुजविणारे सूक्ष्म जंतु उरलेला प्राणवायु खाऊन टाकतात. एकानें पाणी तापवावें आणि दुसऱ्यानें त्यांत मैला सोडावा, म्हणजे मासा पाण्यांत असूनहि गुदमरतो. नदी वाहती दिसते, पण आंत जीव उरत नाहीं.

यास आळा घालणारा कायदा इंग्लंडमध्यें १८७६ पासून होता. परंतु त्याअन्वयें फिर्याद करण्याचा अधिकार मुख्यतः स्थानिक आरोग्यसंस्थांकडे होता, आणि त्या संस्था स्वतःच नदींत मैला सोडीत. कारखान्यावर इलाज करावयाचा तर वरिष्ठ सरकारी मंडळाची संमति लागे, आणि उद्योगास फार धक्का बसूं नये अशीहि त्यांत अट होती. ज्यानें चोर धरावयाचा तोच भागीदार असल्यावर दुसरें काय व्हावयाचें?

तथापि कायद्याची एक जुनी वाट शिल्लक होती. नदीकांठच्या मालकास पाणी त्याच्या नैसर्गिक गुणांत जाणवण्याजोगा फरक न होतां मिळालें पाहिजे, हें तत्त्व १८९३ सालीं लॉर्डांच्या सभेनें एका स्कॉटिश खटल्यांत स्पष्ट केलें होतें. तेथें खाणीच्या पाण्यामुळें व्हिस्कीच्या भट्टीचें मृदु पाणी जड झालें होतें. मासेमारीचा हक्क हीहि एक मालमत्ताच. अडचण पैशाची होती. लहानसें मंडळ बड्या कंपनीशीं झगडूं लागलें आणि हरलें, तर दोन्ही बाजूंच्या खर्चांत बुडून जाई. ही अडचण ओळखून जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरानें १९४८ सालीं गळ टाकणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. देशभरच्या वर्गणीदारांचा पैसा एका मंडळाच्या पाठीशीं उभा करावा, ही तिची साधी युक्ति होती.

डर्बीच्या गळमंडळानें आणि नदीकांठचे मालक अर्ल ऑफ हॅरिंग्टन यांनीं वरील तिघांवर दावा लावला. १९५२ सालीं न्यायमूर्ति हार्मन यांनीं मनाईहुकूम दिला. कॉर्पोरेशनचें म्हणणें असें कीं, मैलाशुद्धीचें काम १९०१ च्या खास कायद्यानें आपणांवर सोपविलेलें आहे. तें बांधलें तेव्हां पुरेसें होतें, पुढें वस्ती वाढली यांत आपला दोष नाहीं. नुकसानभरपाई घ्यावी, पण नगरसंस्थेस मनाई करूं नये. हा युक्तिवाद पोकळ नव्हता, कारण लाखांहून अधिक लोकांचा मैला एका रात्रींत कोठें नेणार? परंतु १९५३ च्या निवाडेसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या निकालांत अपील न्यायालयानें तो मानला नाहीं. त्या कायद्यानें उपद्रव करण्याची मुभा दिलेली नव्हती, आणि भरपाईच्या रकमेनें मेलेली नदी जिवंत होत नाहीं. सुधारणेचें काम उरकण्यास मात्र मुदत मिळाली. नद्या स्वच्छ राखण्यास मनाईहुकुमाइतकें परिणामकारक साधन आजवर निघालेलें नाहीं, अशा आशयाचें मत न्यायमूर्ति डेनिंग यांनीं नमूद केलें.

१९५१ च्या कायद्यानें नवें सांडपाणी सोडण्यास नदीमंडळाची परवानगी आवश्यक केली. जुन्या सांडपाण्यास हा नियम १९६१ सालीं लागला. म्हणजे ज्या कारखान्यांनीं व शहरांनीं आधींच नदी बिघडविली होती, त्यांच्याविरुद्ध मधल्या दहा वर्षांत हक्कदारांचा दावा हेंच मोठें हत्यार होतें. ईस्टवुड यांच्या संस्थेचें काम पुढेंहि चालू राहिलें. २००९ पासून तें ‘फिश लीगल’ या नांवानें होतें.

या विजयाची एक मर्यादा मात्र ध्यानीं ठेविली पाहिजे. न्यायालयानें रक्षण केलें तें नदीचें नव्हे, मंडळाच्या मालमत्तेचें. नदी वांचावयाची ती त्या ओघानें. डर्बीच्या लोकांनीं आधीं वर्गणी काढून हक्क पदरांत पाडून घेतला होता, म्हणूनच त्यांस न्यायालयाचें दार उघडलें. असा हक्क ज्या पाण्यावर कोणाचाहि नसेल, त्या पाण्यांतील मासे मेले तर दावा कोणीं लावावयाचा, या प्रश्नाचें उत्तर डर्वेंटच्या खटल्यांत नाहीं.